‘तू तशी नाहीस, ताई’

पत्राचा सारांश : नोकरी करणाऱ्या २९ वर्षांच्या एका वाचक भगिनीने आपल्या २० वर्षांच्या, महाविद्यालयात शिकणाऱ्या भावाविषयी लिहिले आहे. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने नकार दिला तेव्हापासून तो मित्रांपासून तुटत गेला आणि रात्र-रात्र संगणकासमोर बसू लागला. एकदा पडदा उघडा राहिला, तेव्हा तो स्वतःला ‘इन्सेल’ (म्हणजे इच्छा असूनही जोडीदार न मिळालेले) म्हणवणाऱ्या पुरुषांच्या एका मंचावर नियमित लिहितो, हे बहिणीला कळले. तिथे स्त्रियांचा उल्लेख ‘फॉइड’ या तुच्छतादर्शक शब्दाने होतो. वर्गातील एका मुलीचे छायाचित्रही त्याने तिथे ‘गुण देण्यासाठी’ टाकले होते. घरी तो आरशासमोर उभा राहून जबड्याची मापे घेतो. बहिणीने लेख आणि आकडेवारी दाखवून त्याच्याशी अनेकदा वाद घातला, पण प्रत्येक मुद्द्यावर त्याचे उत्तर तयार असते, इतके की ‘कधीकधी वाटते, आकडे खरेच त्याच्या बाजूचे असतील’. वाद टोकाला गेला की तो म्हणतो, ‘तू तशी नाहीस, ताई. मी बाकीच्या बायकांबद्दल बोलतोय.’ त्यांचे प्रश्न असे आहेत : अशा मंचांवरच्या तरुणांनी केलेल्या हत्याकांडांच्या बातम्या वाचून झोप उडाली आहे, तोही त्या वाटेने जाईल का? त्याचा फोन काढून घ्यावा का? आईवडिलांना सांगावे का? आणि मूळच्या हळव्या मुलाला अल्गोरिदमने इतके कसे बदलले?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या भीतीपासूनच सुरुवात करते, कारण ती मनात असताना बाकीचे काही नीट ऐकू येणार नाही. तुम्ही वाचलेल्या बातम्या खऱ्या आहेत. मे २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातील आयला व्हिस्टा येथे २२ वर्षांच्या एका तरुणाने सहा जणांना ठार केले. एप्रिल २०१८ मध्ये टोरांटोत एकाने पदपथावरून व्हॅन नेऊन दहा जणांचे प्राण घेतले, आणि जखमींपैकी एक स्त्री तीन वर्षांनी दगावली. मात्र अशा मंचांवर वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांची संख्या पाहिली, तर हिंसेपर्यंत जाणारे फारच थोडे निघतात. ब्रिटन आणि अमेरिकेतील ५६१ इन्सेल पुरुषांकडून प्रश्नावल्या भरून घेऊन केलेला एक मोठा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांत ठळकपणे दिसले ते नैराश्य, चिंता, एकटेपणा आणि आत्महत्येचे विचार. म्हणून तुमच्या प्रश्नांचा क्रम थोडा बदलावा, असे मी सुचवेन. तो कुणाच्या जिवावर उठेल का, या प्रश्नाच्या आधी तो स्वतःच्या जिवाचे काही बरेवाईट करील का, हा प्रश्न येतो. तो त्याला सरळ शब्दांत विचारा. ‘जगणे नको असे वाटते का?’ असे विचारल्याने नसलेला विचार मनात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट अनेकांना असे कुणी विचारले याचेच हायसे वाटते. त्याच्या बोलण्यात किंवा लिहिण्यात एखाद्या व्यक्तीचे नाव, एखादा दिवस किंवा एखादे साधन येऊ लागले, तर मात्र ते बहीणभावातले गुपित राहत नाही. त्या क्षणी डॉक्टरांकडे जायचे, आणि धोका दुसऱ्याला असेल तर पोलिसांकडेही जायचे, भाऊ आयुष्यभर रागावला तरी चालेल.

आता अल्गोरिदमविषयी, म्हणजे कुणापुढे कोणता मजकूर आणायचा हे ठरवणाऱ्या समाजमाध्यमांच्या यंत्रणेविषयी. तुमचा राग अनाठायी नाही. डब्लिन सिटी विद्यापीठातील संशोधकांनी किशोरवयीन मुलांच्या नावाने यूट्यूब शॉर्ट्स आणि टिकटॉकवर कोरी खाती उघडून पाहिली होती. २०२४ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष सांगतात की, शोध साध्या विषयाचा असो वा नसो, प्रत्येक मुलाच्या खात्यावर पहिल्या २३ मिनिटांच्या आत पुरुषवर्चस्वाचा किंवा स्त्रीवादविरोधी मजकूर येऊन पोहोचला होता. तेव्हा तुमच्या भावाने हे शोधून काढले की ते त्याच्यापुढे आणून ठेवले गेले, या दोहोंपैकी दुसरी शक्यताच बहुधा खरी असेल. पण दार कुणी उघडून दिले हे कळल्याने तो दोन वर्षे आत का बसून राहिला, हे कळत नाही. तसा मजकूर पुष्कळ मुलांच्या डोळ्यांसमोरून जातो. त्यातले बरेच जण हसतात, कंटाळतात आणि पुढे जातात. जो थांबतो, त्याला तिथे काहीतरी मिळालेले असते. ते काय, हे समजून घेतल्याशिवाय तुमचा कोणताही उपाय लागू पडणार नाही.

यासाठी थोडे मागे जाते. ‘इन्सेल’ या शब्दामागची कल्पना एका स्त्रीची आहे, हे कदाचित तुम्हाला ठाऊक नसेल. १९९७ च्या सुमारास कॅनडातील एका विद्यार्थिनीने जोडीदार न मिळालेल्या एकाकी माणसांसाठी एक छोटे संकेतस्थळ सुरू केले. ते स्त्रिया आणि पुरुष दोघांसाठी होते, आणि इच्छा असूनही नात्यावाचून राहावे लागण्याला तिने एक साधे, निर्विष नाव दिले होते. ती पुढे त्यातून बाहेर पडली, आणि ते नाव इतरांनी उचलले. वीस वर्षांनी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, रेडिट या चर्चा-संकेतस्थळाने सुमारे ४०,००० सदस्यांचा त्याच नावाचा गट स्त्रियांविरुद्धच्या हिंसेला चिथावणी देणाऱ्या मजकुरावरून बंद केला. मधल्या काळात जे बिघडले, ते एका वाक्यात सांगता येते : ‘मला कुणी नाही’ या तक्रारीच्या जागी ‘त्यांनी मला मिळू दिले नाही’ हा आरोप आला. पहिल्या वाक्यात दुःख असते. दुसऱ्यात दुःखाबरोबर गुन्हेगारही सापडलेला असतो, आणि गुन्हेगार सापडला की माणसाला विलक्षण हलके वाटते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या पुरुषकेंद्री मंचांवरील सुमारे २ कोटी ८८ लाख नोंदी तपासल्या गेल्या. मुली पटवण्याचे डावपेच शिकवणारे आणि पुरुषहक्कांची भाषा बोलणारे जुने, तुलनेने सौम्य गट ओसरत गेले, आणि त्यांतले अनेक जण पुढे अधिक जहाल गटांत दिसू लागले, असे त्यात आढळले. आधी उपाय विकला जातो, आणि तो चालला नाही की निराशा.

ही निराशा तिथे ज्ञान म्हणून दिली जाते. १९९९ च्या एका विज्ञानपटातून उचललेल्या ‘लाल गोळी’चा अर्थ असा, की स्त्रियांविषयीचे ‘सत्य’ आता तुम्हाला दिसू लागले. त्यापुढची ‘काळी गोळी’ म्हणजे ते सत्य बदलता येणार नाही, चेहऱ्याच्या हाडांनी तुमचे नशीब ठरवून टाकले आहे, ही खात्री. बाहेरून पाहणाऱ्याला हे भयंकर वाटते. विशीतल्या, एकदा नाकारल्या गेलेल्या मुलाला मात्र त्यात एक विसावा सापडतो. आता पुन्हा कुणाला विचारायला नको, पुन्हा तोंडघशी पडायला नको. व्यायाम, अभ्यास, समुपदेशन यांपैकी काहीही करायला निघालेल्या सदस्याला हे लोक ‘कोप करतोय’, म्हणजे मनाची खोटी समजूत घालतोय, असे म्हणून हिणवतात. ‘पडून राहा आणि सडत राहा’ अशा अर्थाची उक्ती तिथे सल्ला म्हणून फिरते. एखाद्याला खरोखरच मैत्रीण मिळाली, तर तो तोतया ठरतो किंवा गटाबाहेर काढला जातो. हा नियम मला सर्वांत क्रूर वाटतो, कारण त्यामुळे जो बरा होईल तो आपले एकमेव मित्रमंडळ गमावतो. तुमचा भाऊ एका मताला चिकटून बसला आहे, असे धरून तुम्ही त्याच्याशी वाद घालत आहात. तो चिकटून बसला आहे सोबतीला, आणि मत हे त्या सोबतीचे ओळखपत्र आहे.

म्हणूनच तुमचे आकडे वाया गेले. स्वातंत्र्यावर कुणी दडपण आणते आहे असे वाटले की माणूस नेमकी तीच गोष्ट अधिक घट्ट धरतो, हे जॅक ब्रेम या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली मांडले होते, आणि तुमच्या घरातल्या वादांत तुम्हाला त्याचा प्रत्यय रोज येतो आहे. पण आकडे त्याच्या बाजूचे असतील अशी जी शंका तुमच्या मनात डोकावली, ती तुमच्यासाठी दूर करणे मला आवश्यक वाटते. बायकांना वरचे वीस टक्के पुरुषच हवे असतात, या दाव्यामागे बहुधा २००९ साली ओकेक्युपिड या डेटिंग संकेतस्थळाने प्रसिद्ध केलेली माहिती असते. तिथल्या स्त्रियांनी सुमारे ८० टक्के पुरुषांच्या छायाचित्रांना सरासरीहून कमी गुण दिले होते, हे खरे आहे. त्याच माहितीचा दुसरा भाग मात्र कुणी सांगत नाही : संदेश पाठवताना त्याच स्त्रियांनी ज्यांना कमी गुण दिले त्यांनाच पुष्कळ संदेश पाठवले, आणि पुरुषांचे सुमारे दोन-तृतीयांश संदेश मात्र सर्वांत देखण्या एक-तृतीयांश स्त्रियांकडे धावत होते. कळपातला ‘अल्फा’ नर हीसुद्धा अशीच अर्धी गोष्ट आहे. ती १९४७ साली बंदिवासात एकत्र कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी अशा लांडग्यांच्या निरीक्षणातून आली. ज्यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे ती सर्वदूर पोहोचली, त्या डेव्हिड मेक यांनीच १९९९ साली लिहून ठेवले, की रानातला कळप हे बहुधा एक कुटुंब असते आणि त्यातले तथाकथित अल्फा म्हणजे पिल्लांचे आईबाप असतात. अलीकडच्या अभ्यासांत असेही दिसले आहे, की स्त्रियांना रूप आणि पैसा किती महत्त्वाचा वाटतो याचा अंदाज इन्सेल पुरुष फुगवून करतात, आणि समंजसपणा, बुद्धी, विनोदबुद्धी यांना त्या देत असलेले मोल कमी धरतात. हे सगळे तुमच्या मनाच्या खात्रीसाठी आहे. पुढच्या भांडणात दारूगोळा म्हणून ते वापरू नका, तो सहज चुकवील.

आता एका गोष्टीबद्दल थोडे कठोर लिहिणे मला भाग आहे. चार पानांच्या तुमच्या पत्रात वर्गातली ती मुलगी अवघ्या एका ओळीत येऊन गेली. भावाच्या काळजीत असे होते, मला कळते. पण सगळ्या प्रकरणात ज्या व्यक्तीचे प्रत्यक्ष नुकसान झाले आहे ती तीच आहे, आणि तिला त्याचा पत्ताही नाही. तिच्या चेहऱ्याची चिरफाड अनोळखी पुरुषांनी करावी म्हणून तिचे छायाचित्र तिला न विचारता टाकले गेले. ते कुठे उतरवून घेतले गेले, पुढे कुणाकडे गेले, हे तुमच्या भावालाही सांगता येणार नाही. हे मंच म्हणजे काही मुलांचे खासगी दुःख आहे आणि बाहेरच्यांना त्याचा त्रास नाही, असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात घ्यावा. शिवी आधी मंचावर रुळते, मग ती वर्गात येते. ऑस्ट्रेलियातील शाळांमधल्या शिक्षिकांनी संशोधकांना सांगितले आहे, की समाजमाध्यमांवरच्या पुरुषवर्चस्ववादी प्रभावकांची भाषा मुले त्यांच्या तोंडावर वापरू लागली. लिहिणाऱ्या, बोलणाऱ्या किती स्त्रिया असल्या माऱ्याला कंटाळून गप्प होतात, याची मोजदादच नाही. तेव्हा बाकी सगळ्यात धीराने घ्या, पण ते छायाचित्र काढून टाकण्याची गोष्ट आजच बोला आणि तिथे तडजोड करू नका. ‘तुझ्या विचारांबद्दल आपण सवडीने बोलू. पण ते छायाचित्र तू माझ्यासमोर काढून टाकणार आहेस, आणि तसे झाले नाही तर मी स्वतः मंचाकडे आणि तुझ्या महाविद्यालयाकडे तक्रार करीन.’ एवढे पुरे. ते काढल्यावर त्या मुलीला सांगायचे की नाही, हा अवघड प्रश्न आहे. छायाचित्राबरोबर तिचे नाव किंवा ओळख पटेल असे काही गेले असेल, तर तिला कळणे हा तिचा हक्क आहे असे माझे मत आहे, आणि ते तिला महाविद्यालयातील तक्रार समितीच्या किंवा विश्वासू शिक्षिकेच्या मदतीने कळावे.

फोन काढून घेऊ नका. तो वीस वर्षांचा आहे. उपकरण गेले तर दुसरे मिळेल, आणि ‘बघा, बायका आपल्याला कशा दाबतात’ ही पुढची कथा तुम्हीच त्याच्या हाती द्याल. (तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या पालकांना मी हे सांगणार नाही. त्या वयात रात्री फोन शयनगृहाबाहेर ठेवणे आणि मूल काय पाहते हे त्याच्याबरोबर बसून पाहणे, दोन्ही योग्यच आहे.) बंदीपेक्षा वेळ भरून काढणे अधिक उपयोगी पडते. हात आणि वेळ गुंतेल, आणि शेजारी स्त्रियाही सहज काम करत असतील, असे काहीतरी त्याला मिळायला हवे. नाटकाच्या प्रकाशयोजनेचे काम असो, गिर्यारोहणाचा गट असो, एखाद्या संस्थेतले स्वयंसेवेचे काम असो. तिथे कुणाला पटवायचे नसते, ठरल्या वेळी कळ दाबायची असते किंवा दोर धरायचा असतो, आणि स्त्री ही बक्षीस किंवा परीक्षक न राहता दोराच्या दुसऱ्या टोकाला असलेली सहकारी होते. त्याच्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी मोठा, स्वतःचा जुना नकार हसत सांगू शकेल असा एखादा पुरुष ओळखीत असेल, तर त्याची मदत घ्या. ही गोष्ट बहिणीकडून कितीही प्रेमाने आली तरी पुरत नाही.

जबड्याची मापे घेणे याकडे मात्र तरुणपणीची हौस म्हणून पाहू नका. रूप सुधारण्याच्या नावाखाली या मंडळींत उपाशी राहण्यापासून चेहऱ्याच्या हाडांवर आघात करून घेण्यापर्यंतचे प्रकार सुचवले जातात. आरशासमोर रोज बराच वेळ जाणे, स्वतःच्या एकाच अवयवाविषयी अढळ तिरस्कार वाटणे, त्यापायी बाहेर जाणे टाळणे, ही देहप्रतिमेशी संबंधित आजाराचीही लक्षणे असू शकतात, आणि त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञाकडे नेताना ‘तुझे विचार बिघडले आहेत’ असे म्हणू नका. ‘तुला झोप नाही, तू स्वतःला इतके छळतोस, ते मला बघवत नाही’ असे म्हणा. ते खरेही आहे आणि त्याला नाकारताही येणार नाही. तो आधी नाही म्हणेल. महिन्याने पुन्हा विचारा.

आईवडिलांना सांगा, पण त्याच्या पाठीमागे नव्हे. ‘मी घरी बोलणार आहे, तुला आधी सांगते आहे’ एवढी कल्पना त्याला द्या, आणि घरी सांगताना मंचावरची वाक्ये वाचून दाखवण्याऐवजी त्याची अवस्था सांगा. वाक्ये वाचली की घरात खटला उभा राहतो, आणि खटल्यात आरोपी काहीही उलगडून बोलत नाही. तुमच्यापुरती एक मर्यादाही आखून घ्या. स्त्रियांविषयी तो तसे बोलू लागला, की खोलीतून उठून जाण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. त्याचे दुःख ऐकून घेणे आणि स्वतःचा अपमान ऐकून घेणे या वेगळ्या गोष्टी आहेत. एकीसाठी वेळ द्या, दुसरी पहिल्याच वाक्याला थांबवा.

शेवटी त्या वाक्याकडे येते, जे तुमच्या पत्रात तीन वेळा आले आहे आणि तिन्ही वेळा दिलासा म्हणून आले आहे. ‘तू तशी नाहीस, ताई.’ मलाही हे वाक्य आयुष्यात अनेकांनी ऐकवले आहे, आणि खोटे कशाला बोलू, तरुणपणी मी ते प्रशस्तिपत्रासारखे जपलेही होते. पीटर ग्लिक आणि सुझन फिस्क या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ साली दाखवून दिले, की स्त्रियांविषयीचा आकस आणि काही निवडक स्त्रियांविषयीचा संरक्षक गोडवा एकाच मनात सुखाने नांदतात आणि एकमेकांना आधार देतात. चांगल्या बायकांची यादी असली, की बाकीच्यांना वाईट म्हणायला मन कचरत नाही. तुम्ही ती सूट घेता, तेव्हा नकळत त्या यादीवर सही करता. म्हणून ती परत करा. ‘मी तशीच आहे’ असे त्याला सांगा. ‘मीही लोकांना नकार दिला आहे, कधी नीट, कधी तुटकपणे. मलाही कुणी आवडते, कुणी आवडत नाही. तू ज्यांच्याबद्दल लिहितोस त्यांत मी आहे, आणि ते वाचताना मला माझ्याबद्दलच लिहिले आहे असे वाटले.’

त्याच वाक्यात मला थोडी फटही दिसते. ज्या एका स्त्रीला तो जवळून ओळखतो, तिला त्याचा सिद्धांत लागू पडत नाही, आणि हे त्याने स्वतःच कबूल केले आहे. तेव्हा पुढच्या वेळी तो तसे म्हणाला, की चिडू नका आणि आकडेही काढू नका. ज्यांना तू नावाने ओळखतोस, ज्यांच्याशी प्रत्यक्ष बोलला आहेस, अशा बायकांपैकी ‘तशी’ कोण आहे, एवढेच विचारा : आई, मावशी, शाळेतल्या बाई, तुझ्या वर्गातली ती? नकार देणाऱ्या त्या मुलीचे नाव तो घेईल. मग, त्या दिवशी ती नेमके काय म्हणाली होती, हे विचारा. माझा अंदाज आहे, की दोन वर्षांत हा प्रश्न त्याला कुणीही विचारलेला नाही. तो बोलू लागला तर मध्ये थांबवू नका, आणि गप्प राहिला तर त्याच्याजवळ थोडा वेळ बसून उठा, उत्तर मागू नका. छायाचित्राचे काय झाले, ते मात्र मला जरूर कळवा.